बॉम्ब हुशार झाला तरी डिटॅचमेंट लागणारच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पायदळाच्या नव्या स्मार्ट दारूगोळ्यावरचा आपला लेख वाचला. हवेत फुटणारे ग्रेनेड, उपग्रहाच्या मदतीने वाट सुधारणारे मॉर्टरचे (उखळी तोफेचे) बॉम्ब, सगळी माहिती मन लावून दिली आहे. पण ‘यापुढे मॉर्टरला तीन-चार माणसांची गरज उरणार नाही’ हे त्यातलं वाक्य मला खटकलं. मी नोकरीची बरीच वर्षं ८१ मिमी मॉर्टरवर काढली. आधी बॉम्ब वाहिले, मग नंबर दोन, म्हणजे बॉम्ब नळीत सोडणारा झालो, शेवटी डिटॅचमेंटचा, म्हणजे एक मॉर्टर चालवणाऱ्या तुकडीचा कमांडर. त्या अनुभवावरून सांगतो, माणसं कमी करण्याचा हा विचार धोक्याचा आहे.

मॉर्टर म्हणजे नळी, बायपॉड (तिचा दोन पायांचा आधार) आणि बेस प्लेट (बुडाखालची जाड पाटी), एकेक भाग एकेकाच्या पाठीवर. मैदानात पोचल्यावर पहिले दोन-तीन बॉम्ब सुटेपर्यंत बेस प्लेट मातीत बसत राहते. प्रत्येक धक्क्याला साइट, म्हणजे नेमाची दुर्बीण हलते आणि नेम धरणारा नंबर एक ती पुन्हा एमिंग पोस्टवर, म्हणजे नेमासाठी समोर रोवलेल्या खुणेच्या काठीवर आणतो. जमीन ओली असेल तर प्लेट एका अंगाला कलते आणि सगळा नेम सरकतो. पंख वळवून वाट सुधारणारा बॉम्बसुद्धा एका मर्यादेपर्यंतच वळतो. नळीच भलतीकडे तोंड करून असेल तर त्यालाही लक्ष्य गाठता येत नाही.

आणि मिसफायर? बॉम्ब नळीत सोडला, खाली आदळल्याचा आवाज आला, पण सुटला नाही. अशा वेळी सगळे जागच्या जागी थांबतात. ठरलेला वेळ गेल्यावर नळी बायपॉडमध्ये सैल करून तिचं बूड हळूहळू उचलायचं, म्हणजे बॉम्ब घसरत तोंडाकडे येतो. नंबर दोन नळीच्या तोंडाभोवती दोन्ही हात धरून उभा असतो. बॉम्ब अंगाला धरायचा, फ्यूजच्या, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागाच्या टोकावर बोट येऊ द्यायचं नाही. बूड उचलणाऱ्याने झटका दिला तर जीव नंबर दोनचा जातो. बॉम्बमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घातलं म्हणून या कामातला एकही हात कमी होत नाही.

आता अचूकतेबद्दल. अमेरिकेने २०११ मध्ये अफगाणिस्तानात १२० मिमीचा जीपीएसवर चालणारा मॉर्टर बॉम्ब वापरायला घेतला. त्याच्या अचूकतेची अट १० मीटरची होती. लेखात अशा आकड्याचा अर्थ ‘१० मीटरच्या आत पडतोच’ असा लावला आहे, तो बरोबर नाही. निम्मे बॉम्ब लक्ष्याभोवतीच्या १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडावेत एवढाच त्याचा अर्थ. उरलेले निम्मे बाहेर पडतात, आणि १२० मिमीचे तुकडे त्या वर्तुळाच्या कितीतरी पलीकडे जातात. साध्या बॉम्बच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे, यात वाद नाही. जवळच आपली माणसं किंवा वस्ती असेल तर मी तोच बॉम्ब मागेन. पण तो जातो कुठे? आपण सांगू तिथे.

५ डिसेंबर २००१ ची कंदाहारजवळची घटना या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. तेव्हाच्या बातम्यांनुसार हवाई हल्ल्यासाठी जागा कळवणाऱ्या सैनिकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं ते स्वतःच्याच जागेचे आकडे दाखवत, आणि तेच विमानाला कळवले गेले. बॉम्ब अगदी अचूक पडला, आपल्याच लोकांवर. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अनेक अफगाण साथीदार मारले गेले. तो विमानाचा बॉम्ब होता, पण आकडे घेऊन उडणाऱ्या मॉर्टर बॉम्बलाही हेच लागू आहे. आमच्याकडे मिळालेला आकडा दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, असा शिरस्ता होता. तो दुसरा माणूस कमी करायचा म्हणजे हीच तपासणी बंद करायची.

शिवाय युक्रेनच्या युद्धात जीपीएसचे सिग्नल जॅम झाल्यावर महागड्या तोफगोळ्यांचा नेम ढासळल्याच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या. त्या दिवशी उपयोगी पडते ती साधा बॉम्ब, कंपास आणि फायरिंग टेबलवर (अंतरानुसार नळीचा कोन देणाऱ्या तक्त्यावर) काम करता येणारी डिटॅचमेंट.

एकाच माणसाकडे सगळं सोपवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. अमेरिकेची एक्सएम२५ ही २५ मिमीची बंदूक लेझरने अंतर मोजायची, गोळ्याच्या फ्यूजला ते कळवायची, आणि गोळा स्वतःच्या गिरक्या मोजून भिंतीपलीकडे हवेत फुटायचा. कल्पना उत्तम होती. पण वजन सहा किलोच्या वर, आणि ती घेणाऱ्याने आपली रायफल सोडायची. २०१३ मध्ये अफगाणिस्तानात सरावाच्या वेळी बिघाड होऊन एक सैनिक जखमी झाला, २०१८ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. आणि लेझरचं म्हणाल तर तो भिंतीऐवजी मधल्या झुडपावर आपटला की यंत्र झुडपाचंच अंतर देतं. ‘हे अंतर कमी वाटतंय, परत घे’ असं म्हणायला शेजारी दुसरा अनुभवी डोळा लागतो.

हीच हवेत फुटण्याची सोय आता कार्ल गुस्ताफसाठीही आली आहे. १९४८ पासूनचं हे खांद्यावरून डागायचं ८४ मिमीचं शस्त्र, नव्या रूपात सात किलोपेक्षाही हलकं. तरी ते दोघांचंच आहे. एक नेम धरतो, दुसरा गोळा भरतो आणि डागताना मागे सुटणाऱ्या गरम झोताच्या वाटेत कुणी नाही ना हे बघतो. नेम धरणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही.

खरी काळजी सरावाची आहे. बॉम्ब जितका महाग, तितका तो सरावाला कमी मिळतो, हे मी सैन्यात असताना बघितलं आहे. सिम्युलेटरवर साइट आणि आकडे शिकता येतात, बेस प्लेट बसवणं नाही.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या वेळी अशा शस्त्राची बातमी देताना कंपनीच्या पत्रकापाशी थांबू नये. प्रत्येक डिटॅचमेंटला वर्षाला खरे बॉम्ब किती मिळणार, जीपीएस बंद ठेवून चाचणी झाली का, आणि न फुटलेल्या बॉम्बच्या जागांची नोंद कोण ठेवणार, हे आपल्या प्रतिनिधीने विचारावं. शेवटचा प्रश्न तर २००३ च्या आंतरराष्ट्रीय करारातच आहे. युद्धानंतर उरलेल्या स्फोटकांची नोंद आणि सफाई ही त्यात सामील देशांनी पत्करलेली जबाबदारी आहे. लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

आपला,
मॉर्टर प्लाटूनचा एक निवृत्त हवालदार