आई, उठण्याआधी पाऊल हातात घे

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात मी आले होते, तेव्हा एका पहाटे मला लवकर जाग आली. अंथरुणात पडूनच होते. आई उठल्याचं ऐकू आलं. आधी पलंग करकरला, मग एक पाऊल पडलं, मग काहीच नाही. थोड्या वेळाने कपाटाच्या मुठीला हात लागल्याचा आवाज आला, मग दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला टाच न टेकता नुसता चवडा टेकल्याची हलकी चाहूल. आई, तो आवाज मी लगेच ओळखला. जवळजवळ वर्षभर माझ्या घरात रोज सकाळी तोच आवाज होता, आणि तो माझ्या पायांचा होता.

त्या दिवशी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "वय झालं, काही ना काही दुखणारच." बाबा म्हणाले, "रात्री दोघंही गरम पाण्यात पाय सोडून बसतो, बरं वाटतं." मी गप्प राहिले, कारण तुझ्याशी बोलायचं तर आधी मला माझंच सांगावं लागलं असतं. मी ते तुमच्यापासून लपवलं होतं. तुम्ही फोनवर विचारायचात, मी बरी आहे म्हणायचे, आणि फोन ठेवून भिंतीला धरून उठायचे. मला माफ करा. आता सगळं लिहिते, कारण तूही आता तेच करते आहेस.

माझी सुरुवात अगदी साधी होती. वर्गात दिवसभर उभं राहणं नेहमीचंच. त्यात वजन वाढलं म्हणून एकदम रोज तासभर भरभर चालायला लागले, तेही तळ झिजलेल्या चपला घालून. दोन-तीन आठवड्यांत उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला, जिथून पावलाची कमान सुरू होते तिथे, सकाळी उठल्यावर खिळा रुतल्यासारखी कळ यायला लागली. दहा-बारा पावलं टाकली की कमी व्हायची, म्हणून मी दुर्लक्ष केलं. थोडा वेळ बसून उठलं की पुन्हा तीच कळ, आणि संध्याकाळी ठणका. असे चार महिने मी अंगावर काढले.

दुखण्याइतकंच वाईट काय होतं सांगू? आयुष्य हळूहळू आक्रसत गेलं. कुठेही जायचं म्हटलं की आधी किती चालावं लागेल, बसायला मिळेल का, याचा हिशोब. मुलाने खाली खेळायला चल म्हटलं की मी चिडायचे. एकदा त्याला इतकं टाकून बोलले की तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. पायाचं दुखणं बाहेरून दिसत नाही, पट्टी नाही, प्लास्टर नाही, म्हणून कुणाला सांगायचीही लाज वाटते. आई, गेल्या काही महिन्यांत तू संध्याकाळी फिरायला जाणं सोडलंस, मैत्रिणींकडे जाणं सोडलंस, आणि कारण म्हणून कंटाळा येतो सांगतेस. मला तो कंटाळा वाटत नाही.

शेवटी एक्स-रे काढला तर टाचेला हाड वाढलेलं दिसलं. ते काट्यासारखं टोक बघून मी घाबरलेच. वाटलं, आता ऑपरेशनशिवाय सुटका नाही. एका डॉक्टरांनी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. काही आठवडे मी सुटले असं वाटलं, आणि मग दुखणं जसंच्या तसं परत आलं. पुढे कळलं की या इंजेक्शनचा आराम बहुतेक वेळा थोडे आठवडेच टिकतो, आणि ते वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी विरळ होऊ शकते, क्वचित तळव्याचा पट्टा फाटतोही. मधुमेह असणाऱ्यांची साखरही त्यानंतर काही दिवस चढते. काहींना त्याची गरज पडतही असेल, मी मात्र दुसरं घेतलं नाही.

मला सावरलं ते एका फिजिओ बाईंनी. त्यांनी आधी माझी भीती काढली. वाढलेलं हाड ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं, म्हणाल्या. माझं ते हाड आजही कुणी काढलेलं नाही, आणि टाच दुखत नाही.

मग त्यांनी पाऊल कसं चालतं ते समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो, प्लांटर फॅशिआ. धनुष्याला दोरी असते तसा तो पावलाची कमान धरून ठेवतो. पाऊल उचलताना अंगठा वर वळला की रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा ताणला जातो, कमान उचलली जाते आणि पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे ढकलतं. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये हे मांडलं. दिवसात जितकी पावलं, तितक्या वेळा ही ओढ. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून पडलेला असतो, आणि सकाळी पहिल्याच पावलाला त्याच्यावर एकदम सगळं वजन येतं. म्हणून ती पहिली पावलं जीवघेणी.

या दुखण्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. शेवटच्या 'आयटिस'चा अर्थ दाह, म्हणून नाव ऐकून आत सूज आली आहे असं वाटतं. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ५० जणांच्या पट्ट्याचे तुकडे तपासले, तेव्हा सूज दिसली नाही; धागे झिजलेले, विस्कटलेले दिसले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. झिजलेला धागा नुसत्या वेदनाशामक गोळीने सांधला जात नाही. आई, बाबांच्या डब्यातली ती दुखण्याची गोळी तू अधूनमधून घेतेस हे मला माहीत आहे. तुझी रक्तदाबाची औषधं चालू असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण आणतात, रक्तदाबही वाढवू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यापुढे एकही घेऊ नकोस, ही विनवणी आहे.

आणि नुसत्या विश्रांतीनेही तो धागा सांधत नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मी तीन आठवडे पाय हलवला नाही, बरं वाटलं, मग एका दिवशी मनसोक्त चालले आणि पुन्हा पहिले पाढे. पट्ट्याला भार हवा असतो, पण त्याला झेपेल इतका, आणि हळूहळू वाढत जाणारा.

आता तू काय करायचंस ते सांगते. सकाळी जाग आली की पाय जमिनीवर टेकवू नकोस. पलंगाच्या कडेला बस. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे, हाताने सगळी बोटं धरून नडगीकडे ओढ, तळव्यात ताण जाणवेपर्यंत. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरव; पट्टा ताणलेल्या दोरीसारखा लागला म्हणजे बरोबर चाललंय. १० मोजेपर्यंत धर, सोड. असं १० वेळा. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्याआधीही. तुझा गुडघा मांडीवर येऊ देत नाही हे मला माहीत आहे. तर मग पाय लांब करून बस, चवड्याला आणि बोटांना पंचा अडकव आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढ. तेवढंही पुरतं. मगच उठ, तेही पलंगाशेजारी ठेवलेल्या मऊ तळाच्या चपला घालून. घरातल्या कडक फरशीवर अनवाणी चालणं सध्या बंद.

महिनाभराने, डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणाले तर, टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू करू. मी तो असा केला: टॉवेलची गुंडाळी बोटांखाली, पाऊल पायरीच्या कडेवर, ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद तिथेच, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड, आणि जमेल तसा पाठीवर पुस्तकांचा भार वाढवत. डेन्मार्कमध्ये ४८ जणांवर हे करून पाहिलं होतं. तीन महिन्यांनी असा जड व्यायाम करणाऱ्यांना नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बराच जास्त आराम होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. म्हणून, आई, तुला पायरी आणि भार नकोच. तू सपाट जमिनीवर, दोन्ही हातांनी जड खुर्ची धरून, दोन्ही टाचा एकदम उचल. उशीर लागला तरी चालेल, पण तोल जाऊन पडणं मला चालणार नाही.

व्यायाम करताना थोडं दुखेल. १० पैकी ३-४ इतकं दुखलं तर घाबरू नकोस. खरा निकाल दुसऱ्या सकाळच्या पहिल्या पावलांना लागतो. ती आदल्या दिवसापेक्षा वाईट असली तर व्यायाम कमी कर, सोडू मात्र नकोस. मी एका वहीत रोज सकाळी फक्त एक आकडा लिहायचे. ८, ७, ८, ८, ७. पंधरा दिवस काहीच फरक नाही असं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात मागची पानं उलटली तेव्हा कळलं की ८ लिहून कितीतरी दिवस झाले. मधे एकदा लग्नात दिवसभर उभी राहिले आणि आकडा परत ७ वर गेला. त्या रात्री मी खूप रडले. पण चार दिवसांत तो खाली आला. मला पूर्ण बरं वाटायला अकरा महिने लागले. बहुतेकांना वर्षभरात ऑपरेशनशिवाय आराम पडतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री एवढं रडले नसते.

पण हे सगळं मी तुझं दुखणं माझ्यासारखंच आहे असं धरून लिहिते आहे, आणि ते ठरवणं माझं काम नाही. वयाबरोबर टाचेखालची गादी पातळ होते. तेव्हा दुखणं टाचेच्या मधोमध असतं आणि कडक जमिनीवर जितकं चालावं तितकं वाढतं. तिथे ताण देऊन फारसं होत नाही, टाचेखाली मऊ आधार लागतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि तुझी हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी मागेच सांगितलंय. मुंग्या, जळजळ, रात्री झोपेतही दुखणं, लाली, सूज, ताप, यातलं काही असेल तर माझ्या येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

आता बाबा, तुमच्याबद्दल. आईची टाच दुखते याची मला काळजी आहे, पण तुमचे पाय दुखत नाहीत याची जास्त आहे. तुम्ही अभिमानाने म्हणता की या वयातही पायांची तक्रार नाही. तुमचा मधुमेह पंधरा वर्षांचा आहे. इतक्या काळात पायांच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात, आणि मग खडा टोचला, चपलेने घासलं, पाणी जास्त गरम असलं तरी पाय सांगत नाहीत. मागच्या वेळी तुमच्या डाव्या करंगळीशी फोड होता. तुम्हाला तो मी दाखवेपर्यंत माहीत नव्हता. त्या दिवसापासून माझ्या मनातून ते जात नाही.

म्हणून रात्रीचं गरम पाणी तुम्ही आजपासून बंद करा. आईला बरं वाटत असेल तर तिने खुशाल बसावं, पण पाणी कोमट आहे ना हे हाताने पाहून. तुम्ही रोज झोपण्यापूर्वी तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात बघा. वाकून दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, किंवा आईला बघायला सांगा. फोड, भेग, लाली, जखम किंवा रंग बदललेला, काहीही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. कुरूप घरी ब्लेडने कापायचं नाही. आणि यावेळी साखर तपासायला जाल तेव्हा पायांचीही तपासणी करा म्हणून सांगा. एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम असतं, आणि वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं.

मी पुढच्या महिन्यात पाच दिवस रजा घेऊन येते आहे. दोघांनाही डॉक्टरांकडे मीच नेईन. त्याआधी नवीन चपला पाठवते: मागून टाच धरणाऱ्या, तळ जाड आणि मधून सहज न दुमडणारा. त्यासाठी मला मापं हवीत. दुकानातला नंबर नको, तुम्ही वर्षानुवर्षं तोच सांगता आणि पावलं वयाबरोबर पसरतात. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा माप घ्या. बाबा, तुम्ही आईला कोऱ्या कागदावर उभं करा, तिने खुर्चीला धरावं, आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं आखा. मग आई तुमची आखेल. आई, ती आखताना त्यांचे तळवे आणि करंगळी नीट बघ, आणि जे दिसेल ते त्याच कागदावर लिहून मला फोटो पाठव.

तुमची लेक