मागचं बटण बंद करू नका

पुणे,
२४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "तुझा तो सेन्सर बिघडलाय, काय करायचं ते लिहून पाठव." मागून आईचा आवाज आला, "बिघडलाय कसला! ह्यांनी मागचं बटण बंद केलंय." तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र, दिवाळीत मी बोळात, न्हाणी-संडासात आणि मागच्या दारी बसवलेल्या, हालचाल कळली की दिवा लावणाऱ्या सेन्सरांबद्दल. बाबा, वाचून झालं की पंपाच्या कागदांबरोबर फायलीत लावून ठेवा.

आधी ते बटण. बोळातल्या बोर्डावरचं डावीकडचं बटण आता दिव्याचं राहिलेलं नाही. त्यातून सेन्सरला वीज मिळते आणि दिवा लावायचा की नाही ते सेन्सर ठरवतो. बटण बंद केलंत की सगळंच बंद. आणि पुन्हा चालू केल्यावर तो लगेच कामाला लागत नाही. अर्धा-एक मिनिट दिवा उगाच लागून राहतो, मग विझतो, आणि त्यानंतर त्याचं लक्ष सुरू होतं. आई, परवा रात्री इन्व्हर्टरही उतरला होता आणि मग लाईट परत आली तेव्हा बोळात आपोआप उजेड पडला आणि तू "कोण आहे?" म्हणून ओरडलीस, ते हेच. कुणी नव्हतं.

आता बाबांची तक्रार. ती खरी आहे. संडासात बसल्या बसल्या दिवा जातो आणि हात हलवत बसावं लागतं, हे काही माणसाला शोभत नाही. तिथे सेन्सर लावायचा हट्ट माझा होता. वायरमन म्हणाला होता, "ताई, इथे नको, साधं बटणच बरं." मी ऐकलं नाही. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, त्याला फक्त हालचाल कळते. पेपर घेऊन निवांत बसलेला माणूस आणि कोपऱ्यातली बादली त्याच्या लेखी सारखेच. वायरमन रविवारी येऊन दोन कामं करणार आहे. सेन्सरवरचा वेळेचा खटका एका मिनिटावर आहे, तो दहा मिनिटांवर नेईल. आणि सेन्सरला समांतर एक साधं बटण बसवेल. ते दाबलं की सेन्सर काहीही म्हणो, दिवा लागलेलाच राहील. बाहेर आलात की बंद करायचं. ते तुम्ही विसरणार नाही, याची मला शंभर टक्के खात्री आहे.

एक मिनिट म्हणजे दिवा लागल्यापासून एक मिनिट नव्हे, शेवटच्या हालचालीपासून एक मिनिट. दर हालचालीला मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आई न्हाणीत कपडे धुते तेव्हा दिवा अर्धा तास जात नाही, आणि तुमचा एका मिनिटात जातो. सेन्सर पक्षपाती नाही.

तुम्ही विचारलं होतंत, अंधारात त्याला दिसतं कसं. दिवाळीत सांगायचं राहून गेलं, कारण तेव्हा तुम्ही टेप धरून खुर्चीत बसला होतात आणि मी स्टुलावर होते. कुठलीही कोमट वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण सोडत असते. त्यांना अवरक्त म्हणतात हे तुम्हीच आम्हाला आठवीला शिकवलंत. सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, आपल्या अंगाची ऊब नुसती पाहत बसतो. आत एका खास पदार्थाचे दोन छोटे तुकडे असतात, उष्णता बदलली की त्यांच्यात किंचित वीज तयार होते. बाहेरच्या पांढऱ्या घुमटावर आतून ज्या खाचा दिसतात ती बारीक बारीक भिंगं आहेत. ती समोरच्या जागेच्या फाका करतात. माणूस एका फाकेतून दुसरीत गेला की ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. त्या दोघांत फरक पडला की सेन्सर म्हणतो, कुणीतरी चाललंय. दोन्हींवर एकदम सारखीच ऊब वाढली, म्हणजे दुपारी खोली तापली, तर तो गप्प राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे आडवं जाणारं माणूस त्याला चटकन दिसतं आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा, कारण ते बराच वेळ एकाच फाकेत राहतं. म्हणून पहिल्या दिवशी बोळाच्या टोकाला लावलेला सेन्सर मी दुसऱ्या दिवशी बाजूच्या भिंतीवर हलवला. तेव्हा तुम्ही वैतागलात, "एका दिव्यासाठी किती भोकं!" आई तांब्या घेऊन पाच वेळा चालली आणि दिवा लागेल तिथे मी जमिनीवर खडूची रेघ मारली. टोकाला होता तेव्हा ती निम्म्या बोळात येईपर्यंत दिवा लागत नव्हता. आता उंबऱ्याबाहेर पाऊल पडायच्या आत लागतो. पाचव्या फेरीला आई म्हणाली, "आता पाणी पिऊन टाकू का हे?"

दुसरं, काच. पावसात भिजू नये म्हणून मागचा सेन्सर खिडकीच्या आत, काचेमागे लावावा ही तुमची युक्ती चांगली होती, पण चालणार नाही. तुम्ही म्हणाल, काचेतून ऊन येतं की. येतं, कारण सूर्याचे किरण आखूड लांबीचे. आपल्या अंगाच्या उबेची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास, आणि साध्या काचेतून ती पार होत नाही. बंद काचेची मोटार उन्हात भट्टी होते त्यात याचाही हात आहे, ऊन आत येतं आणि आतली ऊब बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून सेन्सर पडवीच्या वाशाखाली, पागोळ्यांपासून आत घेतला.

मे महिन्यात हेच यंत्र जरा मंद होईल. हवाच चौतीस-पस्तीस झाली की आपलं अंग आणि मागची भिंत यांत त्याला फारसा फरक दिसत नाही. तेव्हा संवेदनेचा खटका पूर्ण उजवीकडे फिरवायला वायरमनला सांगा. वायरमनलाच. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. वायरिंग जुनं आहे, कुठली वायर कुठे जाते ते त्यालाही टेस्टर लावून शोधावं लागलं. बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, नव्हतीच, ती पूर्वी परस्पर होल्डरला नेलेली, आणि सेन्सरला फेज, म्हणजे वीज आणणारी, आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. म्हणून होल्डरपासून ती नवी केसिंग पट्टी आणावी लागली. आईला ती आवडत नाही हे मला माहीत आहे. चुन्याच्या भिंतीवर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी मलाही आवडत नाही.

मागच्या दिव्याची गंमत राहिली. रात्री दोन-दोन वाजता तो लागतो आणि आई उठून बसते. चोर नाही, पाल आहे. दिवा आणि सेन्सर एकत्र असलेलं तयार डबडं मी घेतलं, ती चूक झाली. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल येते, पाल भिंगावरून फिरली की सेन्सरला वाटतं माणूस आला, तो दिवा लावतो, की पुन्हा किडे. रात्रभर हा उद्योग. आता दिवा न्हाणीच्या कोपऱ्यावर आणि सेन्सर त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, असं वेगळं करून घेणार आहे. तोपर्यंत महिन्यातून दोनदा घुमट कोरड्या फडक्याने, लांब काठीला बांधून, पुसून घ्या. कोळ्याचं जाळं वाऱ्यावर हललं तरी दिवा लागतो. फिनेल किंवा ओलं फडकं नको. घुमटाच्या खालच्या भागाला मी काळी चिकटपट्टी लावली आहे ती काढू नका, ती मनीसाठी आहे. त्यामुळे जमिनीलगत चालणारं मांजर त्याला दिसत नाही.

आई, एक मात्र नीट ऐक. पावसाळ्यात तू मागच्या दारी जातेस तिथे फुरसं निघालं होतं ना? त्या सेन्सरला फुरसं दिसणार नाही. ते थंड रक्ताचं, वीतभर, आणि एका जागी बसून राहणारं. दिवा लागतो तो तुझ्यामुळे, आणि तुला दिसावं म्हणून. तेव्हा दिवा लागला की पायरीवर क्षणभर थांब, खाली बघ, मग पाय टाक. मागच्या सेन्सरवर चंद्र-सूर्याचं चिन्ह असलेला खटका आहे, कितपत अंधार झाला की कामाला लागायचं ते त्यावर ठरतं. तो चंद्राकडे ठेवून दिवेलागणीला मी हळूहळू फिरवत नेला आणि आपल्याला दिवा हवासा वाटतो तेव्हा नेमका सोडला. बोळातला मात्र पूर्ण सूर्याकडे आहे. आपला बोळ श्रावणात दिवसाही काळोखाच असतो, तिथे दिवस-रात्र बघण्यात अर्थ नाही.

आता बाबांचा हिशेब. ९ वॅटचा दिवा रात्री दहा तास ठेवला तर महिन्याला २.७ युनिट. सेन्सरने तो रात्रीत मिळून अर्धा तास लागतो, म्हणजे महिन्याला ०.१४ युनिटसुद्धा नाही. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा राहून अर्ध्या वॅटच्या आसपास घेतो, त्याचे ०.३६. एकूण अर्धा युनिट. दिवसा बटण बंद ठेवून तुम्ही महिन्याला पाव युनिटही वाचवत नाही. आणि देवघरातला लाल झिरोचा बल्ब, जो रात्रभर चालू असतो, तो नावाचाच झिरो. ते जुने बल्ब बारा-पंधरा वॅट खातात. त्याचेच महिन्याला चार युनिट होतात, त्याला कुणी काही म्हणत नाही.

पण खरं सांगू का, सेन्सरने आपलं बिल कमी झालेलंच नाही. अर्धा युनिट वाढला आहे. कारण बोळातला दिवा रात्री पूर्वी लागतच नव्हता.

गणपतीत मी माजघरात झोपले होते. अडीचच्या सुमारास जाग आली तर आई चालली होती. दिवा नाही, बॅटरी नाही. डावा हात भिंतीवर, उजव्या हातात पदर गोळा केलेला. "दिवा लाव की," म्हटलं तर म्हणालीस, "नको, ह्यांची झोप मोडते. आणि मला पाठ आहे." मी उगीच ऐकून घेतलं. दिवाळीत पट्टी ठोकताना वायरमनने हाताची बॅटरी भिंतीवर तिरकी धरली आणि विचारलं, "ताई, हा डाग काढून टाकू का?" कमरेच्या जरा वर, माजघराच्या दारापासून न्हाणीपर्यंत एक गुळगुळीत काळपट पट्टा. मध्ये कोनाड्यापाशी तुटतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो. मला आधी वाटलं ओल आहे. मग त्यावर डावा हात ठेवून चालून पाहिलं. थोडं खाली वाकावं लागलं, तुझी उंची माझ्याहून कमी.

मी त्याला म्हटलं, राहू दे.

बाबा, तुमची झोप मोडू नये याची काळजी मी घेतली आहे. बोळातला दिवा पिवळा आहे, पांढरा झगझगीत नाही, आणि त्याचा उजेड खाटेपर्यंत येत नाही. आईच्या खाटेखाली चिकटवलेला छोटा दिवा पाय जमिनीवर टेकले की लागतो आणि फक्त फरशी उजळतो. तो चार्जिंगचा आहे. मोबाइलच्या चार्जरने दर महिन्याच्या एक तारखेला चार्ज करा, पेन्शन आणायला निघण्याआधी लावून ठेवला की परत येईपर्यंत होतो. बोळाची लाईन इन्व्हर्टरवर घेतली आहे, म्हणजे लाईट गेली तरी तिथे काळोख नाही. तरी उशाशी बॅटरी असू द्याच. इन्व्हर्टरही कधीतरी उतरतो.

वायरमनला पैसे मी परस्पर दिले आहेत, त्याला पुन्हा देऊ नका. चहा द्या. तो बिनसाखरेचा घेतो.

मी शिमग्याला येईन. दिवाळीत आणलेल्या लाडवांचा डबा रिकामा झाला असेल तर परत पाठवायची घाई करू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, सोबत लाल चिकटपट्टीचा तुकडा पाठवते आहे. बोळातल्या बोर्डावरचं डावीकडचं बटण चालू कर आणि त्यावर हा लाव. बाबांच्या समोर लाव.