'अ' की 'द'?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू सहावीत आहे. इंग्रजीच्या चाचणीत रिकामी जागा होती: 'प्लीज क्लोज ... डोअर'. त्याने 'अ' लिहिलं. लाल फुली बसली, अर्धा गुण गेला. पोराचं म्हणणं, बाईंनीच सांगितलंय, पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', दुसऱ्यांदा 'द'. दाराचा उल्लेख तर पहिलाच!

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, व्याकरणाचा पंडित नाही. पण त्याला म्हटलं, प्रवासी म्हणतो 'संगमनेरचं एक तिकीट द्या', तेव्हा गठ्ठ्यातलं कुठलंही चालतं, तो 'अ'. चेकर चढतो आणि म्हणतो 'तिकीट दाखवा', तेव्हा कुठलं ते कुणी विचारत नाही. पहिल्यांदाच बोलला तरी तो 'द'. प्रश्न कितव्यांदा हा नाही, ऐकणाऱ्याला कुठलं ते कळतंय का, हा आहे. खोलीत दार एकच होतं.

मराठीत असे शब्द नाहीत म्हणून आपली मुलं चुकतात, हे मला अर्धवट वाटतं. 'मुलगी बघायला गेलो' म्हटलं की कांदेपोहे आले. 'मुलीला बघायला गेलो' म्हटलं तर ती ठरावीक मुलगी, कदाचित दवाखान्यात असलेली. एका 'ला'ने केवढा फरक! (आमच्या सौ. यावर बराच वेळ हसल्या.) हे वर्गात सांगायला काय हरकत आहे? शिक्षकांना पुस्तिका देणाऱ्यांनी असे चार मराठी दाखले त्यात घालावेत.

अर्ध्या गुणाबद्दल तक्रार नाही. नातवाची मात्र आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, संगमनेर