लागोसच्या ताईंना, वाळूजहून

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई' लिहितो. पत्र मात्र चारचौघांसमोर लिहितोय. इथे वाळूजच्या एमआयडीसीत आफ्रिकेत माल पाठवू म्हणणारे माझ्यासारखे छोटे कारखानदार बरेच आहेत, आणि नायजेरियातलं लागोस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फसवणुकीचे मेल आणि पिवळा ताप एवढंच येतं. मी माझे रिक्षा-मोटरसायकलचे ब्रेक शू घेऊन जाऊन आलो, गिऱ्हाईक मिळालं, पैसेही आले. त्यात तुमचा वाटा किती, हे त्यांना कळायला हवं.

आपलं नातं सांगायचं तर तुम्ही आमच्या खोकेवाल्याच्या मावसबहिणीच्या जाऊबाई. एवढ्याशा ओळखीवर मी फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न: "लस घेतलीत का?" पिवळ्या तापाची लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं, तिकडे शिरताना तर ते बघतातच, पण नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर माणसाला वेगळं काढून ठेवतात, हे तुम्ही तिकीट काढायच्या आधी सांगितलंत. विमानाची तारीख त्या हिशोबाने धरली.

खरे आभार मानायचेत ते फॉर्म एमचे, म्हणजे तिकडच्या आयातीच्या कागदाचे. एक व्यापारी मेलवर माझ्या मागे लागला होता: कंटेनर आधी सोडा, जहाज समुद्रात असताना मी इथले कागद करून घेतो. दर चांगला देत होता. तुम्हाला त्याचा मेल दाखवला आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "एक रिव्हेटसुद्धा सोडू नका." मग व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून समजावलंत. नायजेरियात माल आणायचा तर आयातदाराने त्याच्या बँकेतून फॉर्म एम आधी उघडायचा. त्याला आपला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस जोडायचा, सोनकॅपचं, म्हणजे माल तिथल्या मानकांत बसतो याचं, प्रॉडक्ट सर्टिफिकेट जोडायचं, आणि विमाही त्याने तिथल्याच कंपनीचा घ्यायचा, त्यामुळे आपण भाव विमा धरून (सीआयएफ) न देता नुसता माल आणि भाडं धरून (सी अँड एफ) द्यायचा. माल निघताना त्या खेपेचं सोनकॅप वेगळं. पुढे कागद बँकेकडून कस्टम्सकडे जातात, तिथून 'पार' नावाचा मूल्यांकनाचा अहवाल निघतो आणि त्यावर ड्युटी भरली जाते. यातली एक कडी निसटली की कंटेनर लागोसच्या आपापा किंवा टिन कॅन आयलंडच्या बंदरात बसून राहतो आणि रोजचं भाडं चढत जातं. मग समोरचा म्हणतो, दर कमी करा नाहीतर माल परत न्या. परत कोण नेणार, ताई? तिथेच माणूस चेपला जातो.

त्या व्यापाऱ्याने दिलेला कंपनीचा आरसी नंबर तुम्ही नोंदणी आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिलात, तर त्यावर भलतंच नाव निघालं. एवढं तुमच्या ऑफिसच्या कामातून वेळ काढून. मी तुमच्या कंपनीचा गिऱ्हाईक नाही, पुरवठादार नाही, तुम्हाला यातून एक नायरा मिळायचा नव्हता.

पण तुम्ही मला सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवलं नाहीत, आणि मला हे जास्त मोलाचं वाटतं. जो व्यापारी 2023च्या मे महिन्यात डॉलरला साडेचारशेच्या वर नायरा मोजत होता, त्यालाच पुढच्या फेब्रुवारीत दीड हजाराच्या वर मोजावे लागले. मधे 2023च्याच जूनमध्ये सरकारने दर मोकळा सोडला आणि नायरा कोसळला. त्याच गोडाऊनमध्ये त्याच भांडवलात माल तिसरा हिस्सा उरला. "उधार मागणारा प्रत्येकजण लबाड नसतो, त्याची अडचण खरी असते," असं तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "तरी उधार द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर आधी ईसीजीसीचं कव्हर घ्या." म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरून देणारा आपल्या सरकारी कंपनीचा विमा. इकडे आमच्या सीएने हे सांगायला अर्धा तास घेतला असता.

शहराबद्दल तुम्ही एकच नियम दिला होतात: शहराच्या मेनलँड भागातली आणि पुलापलीकडच्या आयलंड भागातली भेट एका दिवशी ठेवायची नाही. मला ते फाजील काळजीसारखं वाटलं होतं. मग व्हिक्टोरिया आयलंडवरून मेनलँडवरच्या इकेजाकडे परतताना थर्ड मेनलँड ब्रिजवर गाडी उभी राहिली ती राहिलीच. जवळपास 12 किलोमीटरचा तो पूल, खाली खाडी, खाडीत खांबांवर उभी असलेली मकोकोची घरं, हरमॅटनच्या, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या वाऱ्याच्या, धुळीने सगळं राखाडी, आणि गाड्यांच्या मधून पोरं केळ्याचे वेफर्स, पाण्याच्या पिशव्या, मोबाईलचे चार्जर विकत पळतायत. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि निवांत रेडिओ लावला. दुपारची दुसरी भेट ठेवली असती तर ती गेलीच असती.

शनिवारी तुमची सुट्टी होती. तरी तुम्ही मला ट्रेड फेअर कॉम्प्लेक्समधल्या आस्पामडा या सुट्या भागांच्या मार्केटला घेऊन गेलात, कारण माझ्यासारखा अनोळखी माणूस एकटा गेला तर त्याला पहिल्या दुकानातच बसवून ठेवतात, म्हणालात. वाळूजच्या माणसाला त्या बाजारात काय वाटलं सांगू? बाहेर रस्त्यावर पिवळ्या केके धावत होत्या, म्हणजे आमच्याच एमआयडीसीत बनतात तशा रिक्षा, आणि आत गाळ्यागाळ्यांत त्यांचेच क्लच, केबल, पिस्टन छतापर्यंत रचलेले. मला एकदम उस्मानपुऱ्यातल्या पार्टवाल्याकडे आल्यासारखं वाटलं, फक्त शंभर पटीने मोठ्या.

तिथल्या एका दुकानाच्या ओगांनी, म्हणजे मालकांनी, माझा ब्रेक शू हातात घेतला ते दृश्य मी कारखान्यात सगळ्या पोरांना सांगितलंय. किंमत विचारली नाही. आधी लायनरचा वास घेतला. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लायनर आणि शूच्या मधे घालून जोर लावला, बाँडिंग सुटतंय का बघायला. सुटलं नाही. मग शू फरशीवर आपटून कान दिला. मी बोलायला तोंड उघडलं आणि तुम्ही टेबलाखालून माझा पाय दाबलात. गप्प बसलो. दुकानातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तो शू घेऊन मागे गेला, जुन्या शूशेजारी ठेवून मापं घेऊन आला आणि ओगांच्या कानात काहीतरी बोलला. मग ओगा म्हणाले, माल ठीक आहे, खोका बेकार आहे. इथून माल बसच्या डिकीतून ओनिचाला, न्नेवीला, कानोला जातो, तुझा खोका लागोसच्या वेशीवरच फुटेल.

बाहेर आल्यावर तुम्ही त्या मुलाबद्दल सांगितलंत. इग्बो व्यापाऱ्यांकडे मुलगा काही वर्षं मालकाच्या घरी राहून, दुकानात राबून धंदा शिकतो, आणि मुदत संपली की मालक त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. ओगा स्वतःही असेच वर आलेले. मोठ्या मालकाशी बोलताना या मुलांना विसरू नका, उद्याचे दुकानदार तेच, असं तुम्ही म्हणालात, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी वेगळा सॅम्पल बॉक्स पाठवला. आता ऑर्डरचे मेसेज तोच टाकतो.

लागोसवरच सगळी भिस्त ठेवू नका, हेही तुमचंच. 2020मध्ये शहराच्या सहा भागांत ओकाडा (भाड्याच्या मोटरसायकली) आणि केके दोन्हींवर बंदी आली, 2022मध्ये ओकाडांवर पुन्हा कडक कारवाई झाली. एका सरकारी आदेशाने तिथली मागणी एका रात्रीत बसते, पण आतल्या शहरांत गाड्या चालूच असतात, त्यामुळे आपलं लक्ष तिकडे हवं. आमची आताची यादी त्याच हिशोबाने केलीय: मोटरसायकलचा माल कमी, तीनचाकीचा जास्त, आणि ओगांना विचारूनच.

जेवणाचं राहिलं. मी शाकाहारी, तोही भित्रा. जोलोफ भातात बहुतेक वेळा मटणाचं किंवा चिकनचं पाणी असतं, चवळीच्या वाफवलेल्या मोईमोईत मासे असू शकतात, हे तुम्ही हॉटेलच्या वेटरकडून कबूल करून घेतलंत. मग रस्त्याकडेच्या बाईंकडून गरम अकारा घेऊन दिलात. चवळीचे वडे! तेलातून काढून कागदावर, वर तिखट. आमच्या घरी आता रविवारी होतात. हिने त्यात आलं-मिरची वाढवलीय, तुम्हाला आवडेल की नाही सांगता येत नाही. शेवटच्या रात्री तुमच्या इलुपेजूच्या घरी भाकरी-पिठलं जेवलो, मधेच लाईट गेली, जनरेटर सुरू व्हायच्या आत ती परत आली आणि खालच्या मजल्यावरची मुलं 'अप नेपा!' म्हणून ओरडली (नेपा म्हणजे तिथलं जुनं वीज मंडळ). तुमची धाकटीही ओरडली, आणि सासूबाई तिला मराठीतून रागावल्या.

तुमच्या यजमानांनाही नमस्कार. माझ्यामुळे त्यांचा एक शनिवार मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये गेला, हे मला नंतर कळलं.

नवा खोका पाच पदरी केलाय, कडेला प्लॅस्टिकची पट्टी, रंग तोच ठेवलाय कारण गिऱ्हाईक रंगावरून माल ओळखतं असं ओगांनी बजावलं होतं. या महिन्याच्या मालाचा फॉर्म एम उघडलाय, त्याची प्रत बँकेने पाठवली, मी ती तुम्हाला पुढे ढकललीय. एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाचा नंबर, एकदा डोळ्यांखालून घाला. दिवाळीत संभाजीनगरला येणार म्हणालात, तर वाळूजला फेरी माराच. स्टेशनवर घ्यायला मी येतो.

आपला,
वाळूजचा ब्रेकशूवाला