तीन तुकड्यांतली पिन: तळमजल्यावरच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

समोर येऊन आभार मानले असते तर 'बरं बरं, आधी हात धू' म्हणून तुम्ही विषय तिथेच मिटवला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. जुन्या गाडीपाशी डोकं धरून बसलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

गाडी चालता चालता बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, कुणीतरी किल्ली फिरवून बंद करावी तशी. सेल्फ मारला की इंजिन नेहमीसारखं फिरायचं, पण फायरिंग शून्य. दोन दिवस मी प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल फिल्टर बदलला. जे हाताला लागेल ते बदलणं यालाच मी दुरुस्ती समजत होतो. तुम्ही गेटमधून आत येताना सहज विचारलंत, "डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून सेल्फ मारलास का? रोटर फिरतो का?"

कॉइलची वायर काढली, कॅप उघडली, सेल्फ मारला. रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला एकेका प्लगकडे स्पार्क वाटणारा फिरता भाग, ढिम्म. टायमिंग चेन तुटली या कल्पनेने माझा चेहरा पडला, तेव्हा तुम्ही तेल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारायला सांगितलंत. आत व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर वरखाली होत होते. म्हणजे त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट फिरतोय, त्याला फिरवणारी चेन शाबूत आहे. कॅम आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये मग उरतो एक गिअर आणि त्याला शाफ्टशी जखडणारी एक पिन.

डिस्ट्रिब्युटर वर ओढला तर शाफ्ट आला, गिअर मात्र खालीच राहिला. चुंबकाच्या काडीने तो बाहेर काढला. गिअरच्या दोन्ही भिंतींत पिनचा एकेक तुकडा असायला हवा होता, मधला शाफ्टमध्ये. तुम्ही ते तुकडे फडक्यावर मांडून नवीन पिनेशेजारी मोजायला लावलेत. लांबी भरेना. एक टोक गायब होतं. "इंजिनातच कुठेतरी आहे," असं तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मलाच घाम फुटला.

खरे आभार इथून पुढच्या अर्ध्या तासाचे आहेत. नवीन पिन माझ्या हातात होती, हातोडी शेजारी होती, संध्याकाळपर्यंत गाडी चालू करायची घाई होती. तुम्ही हातोडी उचलून तुमच्या मांडीखाली ठेवलीत. "पिन तुटली हे दिसलं. का तुटली ते सांग." मी म्हणालो, जुनी झाली असेल. "मग माझी का नाही तुटली अजून?" असं विचारून तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात आणि डिस्ट्रिब्युटर काढलेल्या भोकातून ऑइल पंपाचा दांडा फिरवून बघायला सांगितलंत. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर शाफ्टचं खालचं टोकच ऑइल पंप फिरवतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दांडा हलेना. जोर लावला तरी हलेना.

त्याच क्षणी नवीन पिन ठोकून सेल्फ मारला असता तर तीही तुटली असती, किंवा पिनेने दम धरला असता आणि गिअरचे नाहीतर कॅमचे दात गेले असते. कॅम बदलायचा म्हणजे इंजिन उघडणं आलं.

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. पंप खोलला तर दोन गिअरच्या मध्ये कडक झालेल्या काळ्या रबराचा तुकडा अडकलेला. व्हॉल्व्हच्या सीलचा तो तुकडा तेलाबरोबर खाली येऊन पंपाने आत ओढला होता. हरवलेलं पिनेचं टोक चेंबरच्या तळाशी, गाळात. चुंबकाला ते चिकटलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. पिन तुटली तेव्हा पंप थांबला, पण त्याच क्षणी स्पार्कही थांबला. इंजिन तेलाविना धावलंच नाही, म्हणून बेअरिंग वाचली. नशीब माझं, अक्कल तुमची. (व्हॉल्व्हची सगळी सील नंतर बदलली. ती कथा वेगळी आणि बरीच कंटाळवाणी आहे.)

गिअर बदलताना तुम्ही शिकवलेल्या बारीकसारीक गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्यात. शाफ्टवरचे वॉशर निघतील त्याच क्रमाने तारेत ओवायचे. शाफ्ट व्हाइसमध्ये उघडा आवळायचा नाही, खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवायचा. पिन ठोकून काढायचा पंच भोकापेक्षा किंचित बारीक हवा, म्हणजे भोकाची कड फुटत नाही. मधला तुकडा निघाल्यावर शाफ्टचं भोक लांबट तर झालं नाही ना, हे आधी बघायचं. झालं असेल तर नवीन पिन घालून उपयोग नाही, शाफ्टच बदलावा लागतो. माझं गोल होतं. पिन तुटताना शाफ्टवर उठलेली धातूची कोर बारीक कानशीने घासली, तेव्हा कुठे नवा गिअर सरळ चढला.

ब्राँझचा गिअर मला फार आवडला होता, चकाकतो म्हणून. माझ्या इंजिनाचा कॅम बिडाचा, तेव्हा गिअरही बिडाचाच, असं तुम्ही बजावलंत. ब्राँझ मऊ, तो स्वतः झिजून कॅम वाचवतो. ज्या इंजिनात पोलादी रोलर कॅम आहे तिथे त्याचा विचार करायचा, आणि तिथेही तो अधूनमधून तपासावा लागतो. पिनेऐवजी खिळा कापून घालण्याची माझी सूचना इथे पुन्हा सांगत नाही. रोल पिन पोकळ आणि चिरलेली असते, भोकापेक्षा किंचित जाड, आत जाताना दबते आणि स्प्रिंगसारखी भिंतींना धरून बसते. खिळ्याला तसं धरता येत नाही. आणि एकदा काढलेली रोल पिन परत वापरायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र मी एकट्याने केली. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात गिअर अर्धा फेरा उलटा फिरवून बसवला. भोक आरपार जुळलं, पिनही गेली, सगळं चोख दिसत होतं. तुम्ही परत आलात, गिअरवरचा छोटा खळगा पाहिलात, रोटरचं टोक पाहिलंत आणि म्हणालात, "दात मोज." 13. विषम. म्हणजे गिअर अर्धा फेरा फिरवून बसवला की साडेसहा दात होतात आणि सगळं अर्ध्या दाताने सरकतं. अर्धा दात म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे जवळजवळ 14 अंश, आणि तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकवर 28. खळगा रोटरच्या टोकाच्या बाजूलाच हवा. बसवलेली पिन काढली, फेकली, दुसरी घातली. तुम्ही दोन पिना आणायला का सांगितल्या होत्या, ते तेव्हा समजलं.

उघडण्याआधी रोटरची खूण करून ठेवावी असं सगळे सांगतात. माझा रोटर पिन तुटली तिथेच अडकून पडलेला, त्या खुणेला काय अर्थ! पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून तुम्ही कॉम्प्रेशनची फेरी शोधायला लावलीत, मग पुलीवरची खूण शून्यावर आणली. तिरप्या दातांमुळे डिस्ट्रिब्युटर खाली जाताना रोटर फिरतो, म्हणून थोडं आधीच धरायचं. चौथ्या प्रयत्नात तो पंपाच्या दांड्यावर बसला. बोल्ट आवळून खाली दाबू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं पाहिलंत.

आता टायमिंग लाइटखाली, म्हणजे स्पार्कबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, पुलीवरची खूण एका जागी स्थिर दिसते. आधी ती नाचायची, ते मी कार्बोरेटरच्या माथी मारत होतो.

पिनेचे तीनही तुकडे आणि तो रबराचा कण एका डबीत ठेवलेत. तुमचा पंच अजून माझ्याकडेच आहे. टोकाला थोडा बसलाय, तो घासून सरळ करतो आणि रविवारी आणून देतो.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी