बॅटरीची तपासणी पावसाळ्यात नव्हे, गुढीपाडव्याला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या अकोल्यातल्या गॅरेजांपुढे सकाळी सकाळी ‘सेल्फ उचलत नाही’ अशी तक्रार घेऊन मोटारमालक उभे राहू लागतात आणि पावसाच्या ओलाव्याने बॅटरी बिघडली, अशी त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मोटारींच्या विजेच्या कामात माझी बत्तीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की यातल्या बहुसंख्य बॅटऱ्या पावसाने नव्हे, तर त्याआधीच्या तीन महिन्यांच्या उन्हाने निकामी झालेल्या असतात. कडक उन्हाळ्यात इंजिनचे तेल पातळ असते, ते फिरवायला जोर कमी लागतो, म्हणून अशक्त झालेली बॅटरीही कशीबशी निभावून नेते. हवा गार होते, वायपर आणि दिवे एकदम सुरू होतात, तेव्हा तिचे जुने दुखणे बाहेर पडते. म्हणजे दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर आपण गॅरेजची पायरी चढतो. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पण ते तापमान सावलीतले असते. भर दुपारी रहदारीत रांगणाऱ्या गाडीच्या बोनेटखाली, तापलेल्या इंजिनच्या शेजारी बसलेली बॅटरी याहून कितीतरी जास्त तापते. आपल्या गाड्यांतील नेहमीची बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेट्स आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल यांचे सहा सेल. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, हा नियम बॅटरीलाही लागू आहे. २५ अंशांना जितके आयुष्य मिळेल, त्याच्या जेमतेम निम्मे सतत ३५ अंशांत राहिल्यास मिळते, असा ढोबळ हिशेब या धंद्यात धरला जातो. उष्णतेने धन प्लेटची आतली जाळी झिजते, पाणी वेगाने कमी होते आणि गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी ती पहिल्यासारखी भरत नाही.

यात पाण्याचा प्रश्न आमच्या भागात विशेष गंभीर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा वाचकांना परिचित आहे. तिथल्या विहिरींचे पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकालाही मानवत नाही, पण तेच पाणी बॅटरीत सर्रास ओतले जाते. एका टॅक्सीवाल्या मित्राच्या बॅटरीची सहाही बुचे मी एकदा उघडली, तेव्हा प्लेट्सच्या वरच्या कडा कोरड्या पडून पांढरट झाल्या होत्या आणि बुचांच्या आतल्या बाजूला मिठासारखी पापडी धरली होती. पाणी कुठले घातले असे विचारता, ‘घरच्या बोअरचे, पण गाळून घातले’ असे उत्तर आले. गाळल्याने कचरा जातो, पाण्यात विरघळलेले क्षार आणि लोह जात नाहीत, आणि बॅटरीचे नुकसान नेमके तेच करतात. फिल्टरचे पिण्याचे पाणीही यासाठी चालत नाही, कारण त्यातही काही क्षार शिल्लक असतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नव्या बॅटरीच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

काही जण पाण्याऐवजी आम्ल घालतात, ते तर सर्वांत वाईट. उन्हाळ्यात बॅटरीतून उडते ते पाणी. आम्ल आतच राहते. त्यात आणखी आम्ल ओतले की द्रावण जहाल होऊन प्लेट्स खाऊ लागते. वास्तविक उष्ण प्रदेशांसाठी द्रावण मुद्दाम सौम्य ठेवण्याची पद्धत आहे. थंड हवेच्या देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाची घनता मोजणारे उपकरण, १.२८० च्या आसपास दाखवतो, तिथे उष्ण प्रदेशात १.२४० च्या आसपास घनता ठेवली जाते, ती आयुष्य वाढावे म्हणूनच. पाणी घालताना प्लेट्स बुडतील आणि कमाल खुणेच्या वर जाणार नाही एवढेच घालावे, आणि प्लेट्स उघड्या पडलेल्या नसतील तर बॅटरी भरून झाल्यावर घालावे, नाहीतर चार्जिंगमध्ये द्रावण फुगून बुचांतून बाहेर येते. चार्ज होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बुचे उघडताना आसपास बिडी-सिगारेट किंवा ठिणगी नको.

‘आमची तर मेंटेनन्स फ्री आहे’ असे पुष्कळ जण सांगतात. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. उष्णता तिलाही सोडत नाही. तिच्यावरचा हिरवा डोळा सहांपैकी एकाच सेलची खबर देतो, त्यामुळे डोळा हिरवा असूनही दुसरा एखादा सेल गेलेला असू शकतो. त्यापेक्षा साधा मल्टिमीटर घरात ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ दाखवत असेल तर निम्मी उतरली आहे, आणि १२ च्या खाली असेल तर एक दिवसही थांबू नये. इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. उन्हाळ्यात तो वरच्या टोकापलीकडे जात असेल तर बॅटरी अतिचार्ज होऊन आतल्या आत उकळते, कारण तापलेल्या बॅटरीला विजेचा कमीच दाब, म्हणजे कमी व्होल्ट, पुरतो. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास साधारण ०.४ व्होल्टने कमी. नव्या काही गाड्यांत संगणक हा दाब स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे एकदाच पाहून घाईने निष्कर्ष काढू नये.

आमच्या गल्लीत निदान पाच-सहा घरी अशी परिस्थिती आहे की मुलगा पुण्याला नोकरीला आहे, गाडी इथे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे आणि वडील रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करतात. त्यांची काळजी मनापासूनची आहे, पण सेल्फ मारताना खर्च होणारी वीज पाच मिनिटे इंजिन जागेवर नुसते चालवून पुरती भरून निघत नाही. त्यातच हल्ली गाडीला ट्रॅकर आणि कॅमेरा जोडलेला असतो. सगळे मिळून ५० मिलिअॅम्पिअर जरी ओढत असले, तरी दिवसाला १.२ अॅम्पिअर-तास आणि महिन्याला ३६ होतात. लहान गाडीची बॅटरीच ३५ अॅम्पिअर-तासांची असते. गाडी न हलवता पंधरवड्यात ती निम्मी उतरते, हा सरळ हिशेब आहे. त्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून अर्धा तास चालवावी, किंवा लांब मुक्काम असेल तर गाडीची माहितीपुस्तिका पाहून ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे. सोडवताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, हा क्रम चुकवू नये.

आणखी एक गोष्ट सहज दुर्लक्षिली जाते. पुष्कळ गाड्यांत बॅटरीभोवती उष्णतारोधक आवरण असते. बॅटरी बदलताना ते पान्याला आडवे येते म्हणून काढतात आणि पुन्हा घालत नाहीत. ते आवरण इंजिनची धग अडवण्यासाठीच दिलेले असते. ते परत बसवून घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नये. बॅटरीची पट्टी घट्ट आहे ना, हेही हाताने हलवून पाहावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, कोरडी करून क्लॅम्प आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने एका सर्व्हिस सेंटरमधून गाडी नुकतीच आणली होती. पावतीवर ‘बॅटरी तपासली’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती. मी बुचे उघडली तर दोन सेलमध्ये प्लेट्सच्या वर पाण्याचा थेंब नव्हता. सेंटरवाल्यांशी भांडून उपयोग नव्हता, कारण खुणेवरून काय तपासले आणि काय नाही, हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून सर्व सर्व्हिस सेंटर्सना आणि गॅरेजमालकांना माझी विनंती आहे की खूण न करता तीन आकडे लिहावेत: इंजिन बंद असतानाचे व्होल्ट, चालू असतानाचे व्होल्ट आणि जिथे बुचे उघडतात तिथे प्रत्येक सेलमधील घनता. या कामाला दहा मिनिटे पुरतात. ग्राहकांनीही हे आकडे मागून घ्यावेत, मागच्या पावतीशी ताडून पाहावेत, नवी बॅटरी घेताना तिची निर्मितीची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्यावी आणि उन्हात किंवा तापलेल्या गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी घेण्यास नकार द्यावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि उघड्यावर शिसे वितळवले तर त्याचा धूर वस्तीतल्या लहान मुलांच्या अंगात जातो.

आमच्या घरी गुढी उभारून झाली की त्याच दिवशी बॅटरीचे पाणी, टर्मिनल आणि व्होल्ट पाहतो आणि आकडे वहीत तारीख घालून लिहितो. उन्हाळ्यापूर्वी उष्माघाताविषयी आपण दरवर्षी सूचना छापता. त्यांच्या शेजारी गाडीच्या बॅटरीची ही तपासणीही छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त मोटार इलेक्ट्रिशियन, अकोला