षटकोनी कंदिलाचं एक माप चुकलंय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आपल्या पुरवणीत पाचशे रुपयांत घर सजवण्याचं एक अख्खं पान आलं होतं. त्यात षटकोनी आकाशकंदिलाची कृती दिली आहे आणि साहित्यात 'बांबूच्या 36 काड्या, प्रत्येकी 10 इंच' असं छापलं आहे. हे चूक आहे. चौकोनांच्या 24 काड्या 10 इंचाच्या आणि वरखालच्या 12 काड्या सव्वाबारा इंचाच्या लागतात. एवढी दुरुस्ती वसुबारसेच्या आत छापावी, ही विनंती.

खरं तर पोस्टकार्डावर एवढंच लिहून मोकळा होणार होतो. पण ती कृती वाचून आमच्या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय चूक किती मोठी आहे ते कळायचं नाही.

माझी नात अकरावीत आहे. यंदा कंदील आजोबांना हात लावू न देता आपण करायचा, असं तिने ठरवलं होतं. पुरवणी समोर उघडी ठेवून तिने 36 काड्या मोजून-मापून कापल्या. सहा चौकोन बांधले, ते कोपऱ्यावर उभे करून टोकाला टोक जोडत गोल केला, चौकोनांच्या वरच्या टोकांमध्ये सहा आणि खालच्या टोकांमध्ये सहा काड्या बसवल्या. कागद लावला. आणि प्रत्येक चौकोनाच्या बरोबर पोटावर आडवी सुरकुती पडली. तिने कागद फाडून पुन्हा लावला. पुन्हा तीच सुरकुती, त्याच जागी. तिसऱ्यांदा सुरकुती पडली तेव्हा ती पोर सांगाडा कोपऱ्यात ढकलून 'मला नाहीच येत' म्हणून आत जाऊन बसली.

मी सांगाडा उचलून खिडकीपाशी नेला. चौकोन चौकोन राहिलेच नव्हते. वरची काडी आखूड, म्हणून ती चौकोनाचं डोकं आत ओढत होती, खालची पाय आत ओढत होती, आणि चौकोन मधोमध आडवा दुमडून बाहेर आला होता. आता अशा दुमडलेल्या चौकोनावर कागद सपाट बसणार कसा? मी चाळीस वर्षं वह्या-पुस्तकांचं बाइंडिंग केलं, मलाही बसवता आला नसता. तिच्या हाताचा काही दोष नव्हता.

मी हे माप शिकलो ते दोऱ्याने. सहा चौकोन गोलात बांधून सरळ उभे केले की शेजारशेजारच्या दोन चौकोनांच्या वरच्या टोकांमध्ये दोरा ताणायचा, आणि जेवढा दोरा तेवढी काडी. दहा इंची चौकोनाला दोरा सव्वाबारा भरतो. नातीला हे पटवायला मी दोरा काढला, तर तिने वही काढली. चौकोनाचा कर्ण, षटकोनाचा तीस अंशांचा कोन असं काही तरी मांडून म्हणाली, "आजोबा, बाजू गुणिले दीडचं वर्गमूळ. 12.25 येतं." दोरा आणि वही दोन्ही एकाच जागी थांबले. त्या संध्याकाळी आमच्याकडे कंदिलापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. ज्यांना आठ इंची चौकोनाचा कंदील करायचा आहे त्यांनी वरखालच्या काड्या पावणेदहाला किंचित जास्त घ्याव्यात.

आणि सगळ्या काड्या सारख्याच हव्या असतील, तर सहाऐवजी चारच चौकोन घ्यावेत. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, वर चार काड्या, खाली चार. 24 काड्या, सगळ्या एका मापाच्या, आणि कंदील मुकाट्याने जुळतो. लहान मुलांकडून पहिला कंदील हाच करून घ्यावा. बहुधा या चौकोनी कंदिलाचा नियम कुणीतरी षटकोनीला लावला असावा. लिहिणाऱ्याने तो एकदा बांधून पाहिला असता तर पहिल्या सुरकुतीलाच कळलं असतं. पुरवणीतला फोटो, माझी खात्री आहे, विकतच्या कंदिलाचा आहे.

आता पाचशे रुपयांबद्दल. नातीने पुरवणीतल्या यादीप्रमाणे आणलेल्या सामानाची बिलं मी एकत्र केली. ग्लू गन 350, सोनेरी स्प्रेचे दोन डबे 440, लाइटची माळ 250, लेस आणि मणी 180, जाड रंगीत कागद 90, काड्या 60. एकूण 1370 रुपये. मथळ्यात पाचशे लिहायचे आणि यादी तेराशे सत्तरची द्यायची, हे बाइंडरच्या धंद्यात चालत नाही. गिऱ्हाईक वही तोंडावर फेकतं.

नंतर मी माझ्या पद्धतीने केला. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या 80 रुपयांच्या, पतंगी कागदाचे आठ ताव 48 रुपयांना. दोरा, मैदा आणि बल्ब घरचा. 128 रुपये झाले. पण मला मिरवायचं आहे ते या आकड्याने नव्हे. पुढच्या वर्षी माझा खर्च फक्त कागदाचा, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही फक्त कागदाचा. पुरवणीतला कंदील पुढच्या दिवाळीला कचऱ्यात असणार, कारण तो ग्लू गनने चिकटवलेला आहे. बांबूच्या पाठीला, म्हणजे गुळगुळीत सालीला, तो गरम डिंक नीट धरत नाही, टिकली निघावी तसा निघतो. आणि जिथे धरतो तिथे इतका धरतो की मोडलेली एक काडी बदलायला दोन सांधे तोडावे लागतात. दोऱ्याची गाठ सोडता येते, आवळता येते. माळ्यावर खुंटीला टांगलेला माझा जुना सांगाडा 2004 सालचा आहे. 36 पैकी नऊ काड्या आतापर्यंत बदलल्या. त्यातल्या चार भुंग्याने खाल्ल्या होत्या, काडीखाली पिवळी पूड पडायला लागली की ओळखावं. कामट्या आठवडाभर बादलीत पाण्याखाली ठेवून, पाणी बदलत राहून मग सावलीत वाळवल्या तर भुंगा कमी लागतो. ही अक्कल मला नऊपैकी पाचव्या काडीला आली.

कागद चिकटवायच्या खळीबद्दल पुरवणीत एक अक्षर नाही, म्हणून सांगतो. दोन मोठे चमचे मैदा आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये. मग दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवायचा आणि हात थांबवायचा नाही. सुरुवातीला ते पातळ दुधासारखं दिसतं. थोड्या वेळाने पांढरेपणा कमी होतो, चमचा जड व्हायला लागतो, आणि कडेला काचेसारखी झाक येते. तिथे गॅस बंद. आमच्या धंद्यात खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे पुस्तकाला कसर आणि झुरळं लागत नाहीत. कंदिलाला मोरचूद अजिबात नको. ते विष आहे, कामात पोरांचे हात असतात, आणि कागद काही पन्नास वर्षं टिकवायचा नाही. मोरचूद नसलेली खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

पतंगी कागदाला खळ लावायची नाही, काडीला लावायची. कागद ओला झाला की त्याचा रंग सुटतो आणि सगळ्या बोटांना लागतो (आमच्या सौ.चा एक पांढरा पडदा अजून गुलाबी आहे). कागद चौकोनापेक्षा चहूकडून अर्धा इंच मोठा कापावा, आधी एक कोपरा बसवावा, मग त्याच्या समोरचा, आणि शेवटी कडा काडीवरून आत दुमडाव्यात. बाइंडर लोक दुमड घालायला हाडाची पट्टी वापरतात, घरात चमच्याची पाठ पुरते. पांढरा कागद असेल तर वाळल्यावर लांबून पाण्याचा एक हलका फवारा मारावा. कागद ढिला पडतो, आपल्याला वाटतं गेला कामातून, आणि पंधरा मिनिटांत डफासारखा ताणून बसतो. टिचकी मारून पाहावी.

झिरमिळ्या, कागदी करंज्या, सोनेरी पट्ट्या ज्याच्या त्याच्या हौशीने. त्यात मी पडत नाही.

बल्बचं मात्र ऐकावं. आमच्या वाड्यात साठ वॉटचे पिवळे बल्ब लावत, आणि भाऊबीजेपर्यंत कंदिलाचा आतला कागद तांबूस होऊन हात लावला की तुकडा पडे. आता पाच वॉटचा एलईडी पुरतो आणि तो कागद भाजत नाही. तरी होल्डर मधोमध लटकतोय ना, वाऱ्याने कागदाला टेकत नाही ना, ते पाहावं. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर कंदील पत्र्याच्या आत घ्यावा. पतंगी कागद आणि पाऊस यांचं कधी जमलेलं नाही.

त्याच पानावर पुढच्या गणपतीसाठी सनबोर्डचं मखर दाखवलंय. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, की आता लोक पुन्हा पुठ्ठ्याकडे वळतील. लोक सनबोर्डकडे वळले. तोही प्लास्टिकचा फेसच, फक्त जास्त गुळगुळीत. आमच्याकडे वह्यांच्या जाड पुठ्ठ्याचं तीन पाखांचं, म्हणजे तीन भागांचं मखर आहे. पाखांना बाइंडिंगच्या कापडाची बिजागरी लावली आहे. त्यातली युक्ती एवढीच, की दोन पुठ्ठ्यांमध्ये पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट फट सोडायची. फट नसेल तर मखर मिटत नाही, ओढून मिटवलं तर कापड फाटतं. दुसरं, पुठ्ठ्याला पुढून रंगीत कागद डकवला की मागूनही कुठला तरी कागद डकवायचा. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला लावलात तर चतुर्थीच्या सकाळी मखर पापडासारखं वळलेलं सापडेल. मागून दुसरा कागद उलटा ओढतो, आणि पुठ्ठा सरळ राहतो. मागच्या कागदासाठी मी दरवर्षी आपलंच वर्तमानपत्र वापरतो, हे तक्रार म्हणून नाही सांगत, उपयोग म्हणून सांगतो. अनंत चतुर्दशीनंतर मखर मिटून पलंगाखाली जातं. गेली अकरा वर्षं तेच आहे, पुढचा कागद तेवढा बदलतो. शेजाऱ्यांना दरवर्षी नवीन वाटतं.

बाटल्या रंगवून शोभेच्या करण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्यांना बाटल्या आवडतात त्यांनी रंगवाव्यात.

प्लास्टिकच्या झेंडूच्या माळेबद्दल मात्र आमच्या सौ.ला म्हणायचंय, आणि हे पत्र ती वाचल्याशिवाय टपालात जाणार नाही, तेव्हा लिहितो. दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं ती फेकत नाही. ताटात पसरून वाळवते, पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या बारीक काड्यांसारखं बी असतं ते चोळून डब्यात भरते, आणि पावसाळा सुरू झाला की गॅलरीतल्या चार कुंड्यांत पेरते. दसऱ्याला फुलांचा भाव कितीही चढो, आमच्या दाराला तोरण असतं. कुंड्यांच्या पाण्यावरून खालच्या मजल्याशी वर्षातून एकदा भांडण होतं, तेही असतंच.

नातीने आता बारा काड्या नव्या कापल्या आहेत, सव्वाबारा इंचाच्या. जुने सांधे सोडायला जमले नाहीत, कारण तिने ग्लू गन वापरली होती, म्हणून वरखालचे बारा सांधे ब्लेडने तोडावे लागले. उद्या ती पुन्हा बांधणार आहे, आणि मला तीन हात लांब बसायला सांगितलंय.

दुरुस्ती छापणार असाल तर आकृतीसकट छापा, नुसती मापं छापलीत तर कुठली काडी कुठे ते कळायचं नाही. आकृती काढून सोबत जोडली आहे. निळ्या शाईच्या रेषा दहा इंची, लाल सव्वाबारा. आपल्याकडे रंगीत छपाई फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानावर असते हे मला माहीत आहे, तेव्हा आतल्या पानावर घेणार असाल तर लाल रेषा तुटक काढा.

आपला,
एक निवृत्त बाइंडर
शनिवार पेठ, पुणे